चित्रसंचाची एकवाक्यता : छायाचित्रणातील सन्मानपदव्यांच्या इतिहासाच्या अनुषंगाने

१

इंग्लंडमधील रॉयल फोटोग्राफिक सोसायटी ही संस्था छायाचित्रकारांना तीन श्रेणींच्या सन्मानपदव्या देते. लायसेन्शिएट ही पहिली, असोसिएट ही दुसरी आणि फेलो ही सर्वांत वरची श्रेणी होय. पहिलीसाठी उमेदवाराने दहा, दुसरीसाठी पंधरा आणि तिसरीसाठी विसाच्या घरात छायाचित्रे सादर करावयाची असतात. संख्येच्या अटीहून महत्त्वाची अट मात्र निराळी आहे. ही छायाचित्रे सुटी सुटी उत्तम असून भागत नाही. त्यांचा मिळून एक सुसंगत संच झाला पाहिजे. परीक्षक प्रथम सगळी चित्रे एकत्र मांडलेली दुरून पाहतात आणि मग जवळ जाऊन एकेका प्रतीचे बारकावे तपासतात. चित्रे कोणत्या क्रमाने व किती ओळींत मांडावयाची, याचा आराखडा उमेदवारानेच द्यावयाचा असतो. वरच्या दोन श्रेणींसाठी त्याला आपला हेतू सांगणारे निवेदनही जोडावे लागते, आणि ते दीडशे शब्दांत बसवावे लागते.

या व्यवस्थेकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष जावे, यात नवल नाही. दहा निर्दोष वाक्ये एकाखाली एक लिहिली म्हणून त्यांचा परिच्छेद होत नाही, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. वाक्यावाक्यांना जोडणारे असे काही असावे लागते, की ज्याच्या अभावी प्रत्येक वाक्य बरोबर असूनही लेखन निरर्थक वाटते. छायाचित्रांच्या बाबतीत हे 'काही' म्हणजे नेमके काय, आणि त्याची अपेक्षा एका पदवीच्या परीक्षेत कशी शिरली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संचाच्या सुसंगतीची अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. तथापि तिच्यामागे शतकाहून अधिक काळाचा इतिहास असून, त्या इतिहासात एकत्वाच्या तीन निरनिराळ्या कल्पना क्रमाने पुढे आलेल्या दिसतात. पहिली विषयाच्या एकत्वाची, दुसरी हाताच्या, म्हणजे शैलीच्या एकत्वाची आणि तिसरी हेतूच्या एकत्वाची. या तिन्ही कल्पना आजच्या उमेदवाराच्या मनात एकाच वेळी वावरत असतात, आणि त्यांपैकी एकीला दुसरी समजण्यातूनच पुष्कळशा अडचणी उद्भवतात.

२

छायाचित्रांचा हेतुपुरस्सर रचलेला व प्रकाशित झालेला संच शोधू गेल्यास आपण विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांच्या 'द पेन्सिल ऑफ नेचर' या ग्रंथापाशी पोहोचतो. १८४४ ते १८४६ या काळात तो सहा भागांत निघाला व त्यात एकूण २४ छायाचित्रे होती. चिनी मातीची भांडी, कपाटातील पुस्तके, दारात टेकवून ठेवलेला खराटा, गवताची गंजी व तिला लावलेली शिडी, एक अर्धपुतळा असे परस्परांशी संबंध नसलेले विषय त्यात एकत्र आलेले आहेत. विषयाच्या दृष्टीने या संचात सुसंगती मुळीच नाही. तो एकत्र राहतो तो प्रत्येक चित्रासोबत दिलेल्या मजकुरामुळे. नवी कला काय काय करू शकते, हे दाखविणे हा त्या मजकुराचा उद्देश होता. एकेक चित्र हे त्या एका प्रतिपाद्याचे एकेक उदाहरण होते. लायसेन्शिएट पदवीच्या दहा चित्रांत उमेदवाराने आपल्या कौशल्याचा विविध अंगांनी प्रत्यय द्यावा, अशी आजही अपेक्षा असते. त्या दृष्टीने टॅल्बट यांचा ग्रंथ हा अशा संचाचा पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

पुढे २० जानेवारी १८५३ रोजी लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. चित्रकार सर चार्ल्स ईस्टलेक हे तिचे पहिले अध्यक्ष आणि रॉजर फेंटन हे पहिले चिटणीस. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईतही अशीच एक संस्था निघाली. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे हे तिचे नाव. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकी होत. नारायण दाजी हे स्वतः कुशल छायाचित्रकार होते. याच मंडळींत वावरणारे विल्यम जॉन्सन यांनी विल्यम हेंडरसन यांच्या सहकार्याने १८५६ पासून 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' हे चित्रांचे नियतकालिक काढले, आणि पुढे मुंबईत राहणाऱ्या व तेथे येणाऱ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा पहिला खंड १८६३ मध्ये व दुसरा १८६६ मध्ये निघाला. पहिल्यात गुजरात, कच्छ व काठेवाड येथील आणि दुसऱ्यात महाराष्ट्रातील समाज आलेले आहेत.

या ग्रंथातील चित्रांची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. माणसांचे समूह एका ठिकाणी टिपावयाचे, मागची इमारत किंवा देखावा निराळ्या छायाचित्रातून घ्यावयाचा आणि दोन्ही जुळवून एक चित्र करावयाचे, अशी जॉन्सन यांची पद्धत होती. संच म्हणून या चित्रांना एकत्र आणणारा धागा मात्र विषयाचा, खरे तर यादीचा होता. अमुक जात, मग तमुक जात, असा तो क्रम. हीच रीत सरकारी पातळीवर 'द पीपल ऑफ इंडिया' या आठ खंडांच्या ग्रंथात दिसते. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादिलेला हा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला. १८५७ च्या उठावानंतरच्या राज्यकर्त्यांना प्रजेची ओळख करून घ्यावयाची होती, आणि चित्राखालचे नाव व त्यासोबतचे वर्णन या ओळखीचे साधन होते.

यादीचे एकत्व हे सर्वांत सोपे एकत्व आहे. त्यात एखादे चित्र काढले किंवा घातले, तरी संचाचे काही बिघडत नाही. यादी केवळ लांबते किंवा आखूड होते. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर हा आणि-आणि असा समुच्चय झाला, वाक्य नव्हे.

३

एकत्वाची दुसरी कल्पना प्रथम संचात नव्हे, तर एकाच चित्रात उदयास आली. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये 'द टू वेज ऑफ लाइफ' हे चित्र तिसाहून अधिक निगेटिव्ह जुळवून सिद्ध केले. हेन्री पीच रॉबिन्सन यांचे १८५८ मधील 'फेडिंग अवे' हे मरणोन्मुख तरुणीचे चित्र पाच निगेटिव्ह एकत्र करून तयार झालेले आहे. ही कृती लोकांना फसवणूक वाटली आणि तिच्यावर वादही झाले. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. तुकड्यातुकड्यांनी घेतलेल्या प्रतिमा एकाच हाताने, एकाच प्रकाशाच्या जाणिवेने जुळविल्या, तर पाहणाऱ्याला त्यांतील सांधे दिसत नाहीत. एकत्व वस्तूंत नसून ते जुळविणाऱ्याच्या हातात आहे, हा या प्रयोगांचा अर्थ होता.

रॉबिन्सन हे सोसायटीचे जुने सभासद. १८९१ मध्ये त्यांनी तिच्याशी असलेला संबंध तोडला, आणि १८९२ मध्ये त्यांच्यासह काही छायाचित्रकारांनी 'लिंक्ड रिंग' हे मंडळ स्थापन केले. या मंडळाची 'फोटोग्राफिक सलोन' ही वार्षिक प्रदर्शने १८९३ पासून भरू लागली. एकोणिसाव्या शतकातील प्रदर्शनांत भिंतीवर खालपासून वरपर्यंत चौकटीला चौकट लावून चित्रे टांगण्याचा प्रघात होता. नव्या प्रदर्शनांत चित्रांमध्ये अंतर ठेवण्याकडे आणि शेजारची चित्रे परस्परांना शोभतील असे पाहण्याकडे लक्ष दिले जाऊ लागले. चित्राच्या कागदाचा पोत, त्याच्या माउंटचा रंग आणि त्याचा शेजार हे सर्व आता अर्थाचे भाग झाले.

या चळवळीशी मुंबईचा संबंध शापूर भेदवार यांच्या रूपाने आला. हे पारशी छायाचित्रकार शिक्षणासाठी लंडनला गेले होते. १८९० च्या सुमाराची त्यांची 'द फीस्ट ऑफ रोझेस' ही चित्रमालिका त्या काळी नावाजली गेली, आणि लिंक्ड रिंगच्या सभासदांत त्यांना स्थान मिळाले. वेशभूषा करून बसविलेल्या व्यक्ती, रंगमंचासारखी मांडणी आणि एका कथासूत्राने जोडलेली निरनिराळी दृश्ये ही त्यांच्या कामाची वैशिष्ट्ये होत. जॉन्सन यांच्या ग्रंथाशी ताडून पाहिल्यास फरक तत्काळ जाणवतो. जॉन्सन यांच्या संचात एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाण्याचे कारण सूचीत आहे. भेदवार यांच्या मालिकेत ते चित्रांतच आहे. एक दृश्य पाहिले की पुढे काय झाले, हे पाहण्याची इच्छा होते.

४

फोटोग्राफिक सोसायटीला १८९४ मध्ये 'रॉयल' हे उपपद मिळाले. १८९५ मध्ये तिने 'फेलो' ही श्रेणी सुरू केली. 'असोसिएट' ही श्रेणी १९२४ मध्ये आणि 'लायसेन्शिएट' ही १९७२ मध्ये तिच्याखाली जोडली गेली. म्हणजे आज ज्या क्रमाने उमेदवार पायऱ्या चढतो, त्याच्या नेमक्या उलट क्रमाने त्या पायऱ्या बांधल्या गेल्या. शिखर आधी झाले आणि पायथा शेवटी. व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्यांची इंग्लंडमधील निराळी संघटना १९०१ मध्ये स्थापन झाली. तीच पुढे नावे बदलत ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ प्रोफेशनल फोटोग्राफी या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि तिनेही याच तीन श्रेणी स्वीकारल्या. नावापुढे जोडता येणारी अक्षरे हा व्यवसायातील विश्वासाचा एक पुरावा ठरला. ज्या धंद्याला विद्यापीठाची पदवी नव्हती, त्याने आपली पदवी स्वतः घडविली, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

योग्यता जोखण्याचा दुसराही एक मार्ग याच क्षेत्रात रूढ झाला. बेल्जियमचे डॉ. मॉरिस व्हान दे वायर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली. 'फियाप' या संक्षिप्त नावाने तो परिचित आहे. १९५३ मध्ये स्थापन झालेला फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी हा भारतीय संघ त्याच्याशी संलग्न झाला. फियापच्या पहिल्या पदव्या मुख्यतः गणनेवर आधारलेल्या आहेत. निरनिराळ्या देशांतील मान्यताप्राप्त प्रदर्शनांत उमेदवाराची किती चित्रे स्वीकारली गेली, हे मोजले जाते. येथे प्रत्येक चित्र एकटेच परीक्षेला बसते, एकटेच उत्तीर्ण होते आणि त्याचे गुण खात्यावर जमा होतात. मात्र याच महासंघाच्या 'मास्टर' या वरच्या पदवीसाठी वीस चित्रांचा एकसूत्री संच सादर करावा लागतो. गणनेवर उभ्या असलेल्या व्यवस्थेलाही वरच्या टप्प्यावर संचाकडे वळावे लागले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

भारतीय काव्यशास्त्राने मुक्तक आणि प्रबंध असा भेद फार पूर्वी केलेला आहे. मुक्तक हे आपल्यापुरते पूर्ण असते. त्याच्या आस्वादासाठी मागच्यापुढच्या श्लोकाची गरज नसते. प्रबंधात मात्र श्लोकाचे मूल्य त्याच्या जागेवरही अवलंबून असते. प्रदर्शनात स्वीकारले जाणारे चित्र हे मुक्तक होय. त्याला शेकडो अनोळखी चित्रांच्या गर्दीत क्षणार्धात लक्ष वेधून घ्यावे लागते. अशा मुक्तकांत पारंगत झालेला छायाचित्रकार जेव्हा प्रथम संच जुळवावयास बसतो, तेव्हा आपली दहा सर्वोत्तम चित्रे एकत्र ठेवली की काम झाले, असे त्यास वाटते. प्रत्यक्षात त्या दहांपैकी प्रत्येक चित्र उरलेल्या नऊंना गप्प करण्यासाठी घडविलेले असते.

५

मग संचाचे एकत्व कशात शोधावे? या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार आपल्याकडे मीमांसकांनी केलेला आहे; अर्थात चित्रांच्या नव्हे, वेदवाक्यांच्या संदर्भात. जैमिनींच्या मते जो पदसमूह मिळून एकच प्रयोजन साधतो आणि ज्याचे विभाग केले असता ते अपुरे, साकांक्ष राहतात, तो समूह एक वाक्य होय. यात दोन कसोट्या आहेत. प्रयोजन एक असावे ही पहिली, आणि तोडले असता उणीव भासावी ही दुसरी. पुढे कुमारिलभट्टांनी यात एक सूक्ष्म भेद केला. पदे मिळून वाक्य होते ही एक पातळी. आणि आपापल्या जागी पूर्ण झालेली वाक्येसुद्धा, त्यांच्यात प्रधान व अंग असा संबंध असल्यास, पुन्हा मिळून एक महावाक्य होतात, ही दुसरी. पहिलीस पदैकवाक्यता व दुसरीस वाक्यैकवाक्यता म्हणतात.

हा भेद छायाचित्रणाच्या इतिहासाला तंतोतंत लागू पडतो. रेलँडर आणि रॉबिन्सन यांनी जुळविलेले निगेटिव्ह ही पदे होती. सुटी असताना ती अपुरीच होती. आजच्या पदवीसाठी सादर होणारी दहा किंवा पंधरा चित्रे ही प्रत्येकी पूर्ण वाक्ये आहेत, आणि त्यांनी मिळून पुन्हा एक वाक्य व्हावयाचे आहे. प्रत्येक चित्र जवळून पाहता स्वयंपूर्ण असले पाहिजे आणि दुरून पाहता अपुरे वाटले पाहिजे. परीक्षकांनी आधी दुरून व मग जवळून पाहण्याची जी पद्धत आहे, ती या दुहेरी मागणीशी सुसंगतच म्हणावी लागेल.

प्रत्यक्ष जुळणीत याचा अर्थ काय होतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या छायाचित्रकाराने आषाढी वारीवर पंधरा चित्रांचा संच करावयाचे ठरविले. त्याच्याजवळ काही वर्षांची शेकडो चित्रे आहेत. पहिला मार्ग यादीचा : आळंदीचे प्रस्थान, दिवेघाट, जेजुरी, नीरास्नान, चांदोबाचा लिंब येथील उभे रिंगण, फलटण, वाखरी आणि शेवटी चंद्रभागेचे वाळवंट. हा संच भूगोलाच्या दृष्टीने बिनचूक होईल. पण त्यात फलटणचे चित्र वगळले, तर कोणाला चुकल्यासारखे वाटणार नाही. दुसरा मार्ग हाताचा : फक्त पावसाळी, करड्या प्रकाशातील चित्रे घ्यावयाची, छत्र्या, इरली, ओल्या पताका, सर्व प्रती एकाच कागदावर, एकाच गडदपणाच्या. हा संच भिंतीवर शोभून दिसेल, परंतु पाचव्या चित्रानंतर सहाव्याकडे जाण्याचे कारण उरणार नाही. तिसरा मार्ग हेतूचा. वारीत चालणाऱ्या माणसाला विसावा कोठे व कसा मिळतो, एवढेच सांगावयाचे, असे त्याने ठरविले असे समजू. मग प्रस्थानाचे गर्दीचे चित्र फक्त आरंभापुरते राहील. राहुटीची दोरी ओढणारे हात, पाय चेपून देणारा अनोळखी गावकरी, तुळशीवृंदावन बाजूला ठेवून पाणी पिणारी बाई, ट्रकच्या सावलीत झोपलेला टाळकरी, अशी चित्रे मध्यभागी येतील. आणि दिवेघाटातील वारकऱ्यांच्या वळणदार रांगेचे ते सर्वांनी वाखाणलेले चित्र बहुधा वगळावे लागेल.

हे शेवटचे पाऊल सर्वांत अवघड असते. संच तयार करण्याचे अर्धे काम चांगले चित्र बाजूला ठेवण्याचे आहे. रॉबर्ट फ्रँक यांच्या १९५८ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेविषयीच्या ग्रंथात ८३ छायाचित्रे आहेत. ती त्यांनी टिपलेल्या हजारो चित्रांतून निवडलेली आहेत. 'संच' या शब्दाच्या मुळाशी असलेला 'चि' हा धातू येथे मार्गदर्शक ठरावा. त्याचा अर्थ वेचणे असाही आहे आणि रचणे असाही. यज्ञवेदीच्या विटा एकावर एक रचण्याच्या विधीला अग्निचयन म्हणतात ते त्याच धातूवरून. वेचणे आणि रचणे या दोन क्रिया भाषेने एकाच धातूत ठेवल्या, याचे मर्म चित्रांची जुळणी करणाऱ्यास लवकरच कळून येते : वीट कोणती घ्यावयाची हे वेदीचा आकार ठरल्यावाचून ठरत नाही.

ग्रंथाचे तात्पर्य ओळखण्याच्या ज्या सहा खुणा परंपरेने सांगितल्या आहेत, त्यांपैकी तीन येथे विशेष उपयोगी आहेत. उपक्रम व उपसंहार, म्हणजे आरंभ व शेवट यांचा मेळ, ही पहिली. दोन ओळींत मांडलेल्या संचात डाव्या टोकाच्या चित्रातील व्यक्ती उजवीकडे व उजव्या टोकाच्या चित्रातील व्यक्ती डावीकडे पाहत असावी, म्हणजे पाहणाऱ्याची नजर संचाबाहेर निसटत नाही, हा व्यवहारातील नियम या खुणेचेच दृश्य रूप आहे. अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती, ही दुसरी. फ्रँक यांच्या ग्रंथात अमेरिकेचा राष्ट्रध्वज पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ थोडा बदललेला असतो. अपूर्वता ही तिसरी : प्रत्येक चित्राने आधीच्या चित्रांत नसलेले काही सांगितले पाहिजे. एकाच गोष्टीची दोन सुंदर चित्रे संचात असली, तर ती एकमेकांना बळ देत नाहीत. दोहोंचेही बळ निम्मे होते. पुनरुक्ती हवी, पण तीत नवेपणाही हवा, हा तोल साधणे म्हणजेच संच जुळविणे होय.

लायसेन्शिएट ही पायरी सर्वांत खालची असली, तरी या दृष्टीने ती सोपी म्हणता येणार नाही. तेथे विषयाची व तंत्राची विविधता दाखवावयाची असते आणि हेतूच्या निवेदनाचा आधार नसतो. पक्षी, व्यक्तिचित्र, इमारत, धुके अशा भिन्न विषयांना केवळ मांडणीच्या बळावर एकत्र आणावे लागते. क्षितिजरेषा साधारण एकाच उंचीवर, गडद चित्रे कोपऱ्यांत किंवा मध्यभागी समतोल राखून, उभी चित्रे समोरासमोर, कागद व माउंट एकच, अशी ही मांडणी असते. वाक्यात जी कामे विभक्तिप्रत्यय व उभयान्वयी अव्यये करतात, ती येथे या गोष्टी करतात. स्वतः त्यांना अर्थ नाही, पण त्यांच्यावाचून अर्थ उभा राहत नाही.

६

आता दीडशे शब्दांच्या त्या निवेदनाकडे वळू. चित्रांनी स्वतःच बोलावे, त्यांना शब्दांची कुबडी कशाला, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. इतिहास पाहता या आक्षेपात फारसे तथ्य नाही. टॅल्बट यांच्या पहिल्याच ग्रंथापासून चित्रसंच शब्दांच्या सोबतीने वावरत आलेला आहे. फ्रँक यांच्या ग्रंथाच्या फ्रेंच आवृत्तीत चित्रांसोबत निरनिराळ्या लेखकांचे उतारे छापलेले होते. १९५९ च्या अमेरिकन आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले आणि जॅक केरूअॅक यांची प्रस्तावना तेवढी राहिली. तीच चित्रे, परंतु दोन आवृत्तींतील ग्रंथ दोन निराळे झाले. शब्द चित्रांचा अर्थ सांगत नाहीत; चित्रांकडून कोणत्या प्रश्नाच्या उत्तराची अपेक्षा करावयाची, ते सांगतात. मीमांसकांच्या परिभाषेत ते आकांक्षा उत्पन्न करतात. चित्रांनी ती पुरविली, तर संच साधला. न पुरविली, तर निवेदन सुंदर असूनही संच फसला.

याच ठिकाणी या साऱ्या विषयातील खरी जबाबदारी दडलेली आहे. सुसंगती हा केवळ सौंदर्याचा गुण असता, तर 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथाला त्यासाठी शंभर गुण द्यावे लागले असते. एकसारखी मांडणी, ठरीव वर्णन, आठ खंडांत न ढळणारी शिस्त, हे सर्व त्यात आहे. आणि त्या सुसंगतीनेच त्यातील माणसे माणसे न राहता नमुने झाली. प्रत्येकाच्या मुद्रेवर त्याचे स्वतःचे असे जे काही होते, ते जातीच्या नावाखाली झाकले गेले. महावाक्य राज्यकर्त्यांनी रचले. ज्यांची चित्रे त्यात होती, त्यांना त्या वाक्यात केवळ पदे म्हणून स्थान होते. संचात बसविण्यासाठी जेव्हा जेव्हा एखाद्या चित्राचे टोक छाटले जाते, रंग फिके केले जातात, एखादा चेहरा नको म्हणून वगळला जातो, तेव्हा तेव्हा हाच प्रश्न लहान प्रमाणात पुन्हा उभा राहतो.

यास्तव कुमारिलांच्या भेदाचे महत्त्व येथे केवळ पांडित्याचे नाही. वाक्यैकवाक्यतेत लहान वाक्याचा स्वतःचा अर्थ नाहीसा होत नाही. तो पूर्ण होऊन मग मोठ्या अर्थाला मिळतो. वारीच्या संचात पाय चेपून घेणारा म्हातारा हा 'विसावा' या कल्पनेचा नमुना म्हणून आला, तर तो जॉन्सन यांच्या पानावर परत गेला असे समजावे. तो आधी तो स्वतः म्हणून दिसला आणि मग संचाला येऊन मिळाला, तर संच साधला. परीक्षकांच्या दृष्टीस हा फरक पडेलच, असा भरवसा देता येत नाही. पण चित्रे मांडून पाहणाऱ्या उमेदवाराला तो दिसल्यावाचून राहत नाही.

१८९५ मध्ये जी पदवी संस्थेतील एक श्रेणी म्हणून सुरू झाली, तिच्या आजच्या रूपात छायाचित्रकाराकडून एका कसलेल्या लेखकाची कामे अपेक्षिली जातात. त्याने प्रयोजन ठरवावे, वेचावे, रचावे, पुनरुक्ती व नवता यांचा तोल सांभाळावा, आरंभ व शेवट जुळवावे आणि अखेर थोड्या शब्दांत आपण काय केले ते सांगावे. नावापुढची अक्षरे मिळोत वा न मिळोत, एवढे काम प्रामाणिकपणे केलेल्या माणसाची स्वतःच्या चित्रांकडे पाहण्याची दृष्टी पूर्वीसारखी राहत नाही. आपण इतकी वर्षे काय टिपत होतो, हे त्याला बहुधा या जुळणीतच प्रथम समजते.